चांदपाशा यांच्याविरुद्धची खोटी तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कल्याणी धर्मादाय रुग्णालय, उदगीर

विषय : ईसीजी काढणारे कर्मचारी श्री. चांदपाशा यांच्याविरुद्धची तक्रार मागे घेण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा दि. २१ एप्रिल १९८६ चा तक्रार अर्ज.

महोदय,

अर्जदार मन्मथ ईश्वरप्पा, कारकून, टंचाई शाखा, सविनय सादर करतो की,

१. लातूर हा नवा जिल्हा झाल्यापासून अर्जदाराचा डोळा तेथील बढतीवर होता. त्यासाठी तब्येतीचा दाखला हवा, म्हणून अर्जदार आपल्या रुग्णालयात आला. चांदपाशांनी त्यास टेबलावर निजवले. अर्जदार लिंगायत, त्याच्या गळ्यातील इष्टलिंगाची चांदीची डबी छातीवर होती. लिंग अंगावेगळे करायचे नसते, हे चांदपाशांना सांगावे लागले नाही. ते दोन पावले मागे सरून म्हणाले, "मालक, तुमीच तुमच्या हातानं डबी खांद्याकडं सरकवा." अर्जदाराने सरकवली. डबीला त्यांचे बोटही लागले नाही.

२. पट्टीवर ठोके वेडेवाकडे आले. चांदपाशांनी हळूच विचारले, "शिगरेट वढायलाव का?" अर्जदार नाही म्हणाला. मग डॉक्टरांनी विचारले, त्यांनाही नाहीच सांगितले. वस्तुस्थिती अशी की, दुष्काळामुळे टँकर भरून घेण्यासाठी अर्जदारास दिवसभर विहिरीवर उभे राहावे लागते व तेथे तो रोज वीस सिगारेटी ओढतो. हाच अर्जदार दर श्रावणात मठात पोरांकडून तंबाखू सोडण्याची शपथ वदवून घेतो. हे लिहिताना त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले आहे.

३. दाखला अडला तेव्हा अर्जदाराचे डोके फिरले. चांदपाशांनी लिंगाला हात लावला, डबी मुद्दाम तारांखाली दाबली व म्हणून ठोके चुकले, असे त्याने लिहून दिले. तेवढ्यावर न थांबता मोंढ्यातील अकरा व्यापाऱ्यांच्या सह्या आणल्या. त्यांपैकी एकही जण त्या खोलीत नव्हता. चांदपाशांना कामावरून बाजूला करण्यात आले व त्यांची चौकशी लागली.

४. गेल्या आठवड्यात चांदपाशा अर्जदाराच्या दारी आले. अर्जदार न्हाणीघरात लपून ओढत होता. घरी नाही म्हणून सांग, असे त्याने आतूनच पत्नी महादेवी हिला बजावले. चांदपाशा तिला म्हणाले, "अक्का, माझ्या नोकरीचं बोलाया आलो न्हाई. पट्टी चांगली नव्हती. मालकाला लातूरला दाखवा, टाळू नका." अर्जदाराने हे सर्व ऐकले आणि तरीही तो बाहेर आला नाही. खोट्या तक्रारीपेक्षा याची लाज अर्जदारास अधिक वाटते.

५. लातूरच्या डॉक्टरांनी डबी खांद्यावर असतानाच पट्टी काढली. तेच ठोके. तेथे मात्र अर्जदाराने खरे सांगितले. डॉक्टरांनी समजावले की, धुराने रक्तवाहिन्यांना आतून दाह होतो, वरून न दिसणारी सूज राहते. निकोटीन हृदयाला सारखे पळवत असते आणि ठोक्यांना आवर घालणाऱ्या नसेचा जोर कमी पडतो, मग एखादा ठोका वेळेआधीच पडतो. सिगारेट सोडली तर पुष्कळ फरक पडेल, असेही ते म्हणाले. सबब दोष डबीचा नाही, यंत्राचा नाही, चांदपाशांचा तर मुळीच नाही.

६. तरी सदर तक्रार रद्द करून चांदपाशांना सन्मानाने कामावर घ्यावे व अर्जदारावर योग्य ती कारवाई व्हावी. सह्या करणाऱ्यांना बोल लावू नये, त्यांनी अर्जदाराच्या शब्दावर विश्वास ठेवला. येत्या सोमवारच्या चौकशीस अर्जदार स्वतः हजर राहील. परंतु आजवरचे वर्तन पाहता अर्जदाराचा अर्जदारावर भरवसा नाही. तो ऐनवेळी न फिरकल्यास हा अर्ज त्या अकरा जणांसमोर आणि महादेवीसमोर मोठ्याने वाचावा, व वाचताना चांदपाशांना पुढच्या खुर्चीवर बसवावे.

आपला अपराधी व नम्र,
मन्मथ ईश्वरप्पा
उदगीर, दि. १६ मे १९८६

सोबत :
१) लातूर येथील ईसीजीची पट्टी.
२) सिगारेटचे पाकीट, आत सहा. अर्ज लिहायला बसताना दहा होत्या.