बरका ते इब्री, शुद्ध पाण्यासह

१९ डिसेंबर, संध्याकाळ. दार्सैत.
उद्या निघायचं. अर्बाबची, म्हणजे आमच्या फॅक्टरीच्या मालकाची, घोडी शम्सा आणि तिच्या जोडीचा घोडा सुलतान, दोघांना बरकाच्या तबेल्यातून इब्रीला पोचवायचं आहे. पंचवीसला तिथे अर्बाबच्या गावी दौड आहे. दोन घोडे जोडीने धावतात, स्वार एकमेकांचा हात धरतात. अर्बाबचे वडील ऐंशीचे. यंदाची दौड बघून घेतो, मग बघवणार नाही, म्हणतात. त्यामुळे जबाबदार माणूस हवा होता. कॉलेजात एनसीसीच्या घोडदळात होतो हे मी कॅन्टीनमध्ये बोललो होतो. (सहा महिने. पैकी पाच लीद उचलण्यात. ते कोणी विचारलं नाही.) अर्बाबने स्वतःचं मोटारहोम दिलं, मागे घोड्यांचा ट्रेलर. लेक पूर्वाच्या शाळेला सुट्टी आहे, फॅमिली घेऊन जा म्हणाला.
मी चार मुक्कामांचा आराखडा केला. घोड्यांना ताण नको. तबेला सांभाळणारा बदरुद्दीन, मूळ दापोलीचा, तोच गाडी चालवणार. आराखडा बघून म्हणाला, साहेब, रस्ता तीन तासांचा हाय. मी म्हटलं, माणसांसाठी.

२० डिसेंबर, सकाळी ६.४०. बरका.
किळस. तबेल्यात पहिलं पाऊल टाकलं आणि नवे बूट गेले.
मग पाणी. बदरुद्दीनने वाटेसाठी चार निळे कॅन तबेल्याच्या विहिरीवर भरून ठेवले होते. झाकण उघडलं. वर हिरवट साय, आत गवताच्या काड्या, एक मेलेला नाकतोडा. वास सडक्या अंड्याचा. मी सोळा वर्षं रुसैलला बाटलीबंद पाण्याच्या फॅक्टरीत क्वालिटी बघतो. असलं पाणी मी फरशी पुसायलाही पास करणार नाही. दोन कॅन स्वतः ओतले. उरलेले दोन पूर्वाला ओतायला सांगितले. चौदाव्या वर्षी अंगावर जबाबदारी पडायला हवी. त्यांच्या बदली फॅक्टरीचे दहा जार चढवले. सीलबंद.
बदरुद्दीन घोड्यांच्या पायांना पट्ट्या बांधत होता. कामात व्यत्यय नको म्हणून सांगितलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ. फंजाजवळ, वादीच्या म्हणजे कोरड्या नदीच्या काठी.
चाळीस मिनिटांचा प्रवास. मुक्काम एक.
माझ्या बाकाखाली काहीतरी डचमळतं. वळणावर जास्त. प्लंबिंगचा दोष. लेखी तक्रार करणार.
वरणात घोड्याचा केस. लांब. सुगंधा म्हणाली, अहो, काढा आणि जेवा, प्रवासात आहोत. काढला. जेवलो नाही.
सुलतान बादलीभर पाणी प्यायला. शम्साने हुंगलं, नाक फेंदारलं, तोंड फिरवलं. बदरुद्दीनने तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. म्हणाला, बघा, सुरकुती मावळायला वेळ लागतो, अंगात पानी कमी हाय. कधी नाय असं. मग माझ्याकडे बघत म्हणाला, साहेब, पानी घरचंच हाय ना?
मी म्हटलं, पाणी उत्तम आहे.
हे खोटं आहे का? तपासून पाहिलं. पाणी खरोखर उत्तम आहे. रिपोर्ट जवळ आहे. तरी उद्या सकाळी सगळं स्पष्ट सांगायचं. नक्की.

२१ डिसेंबर, सकाळी ८.
सांगायची गरज उरली नाही! मी फिरून येईपर्यंत शम्साची बादली निम्मी रिकामी. प्यायली! बारा तासांत जनावराला चांगल्या पाण्याची चव कळली. पूर्वा तिथेच उभी होती. म्हणाली, येस बाबा, ती प्यायली. चेहरा गंभीर. मुलगी भारावलेली दिसते.
आता बदरुद्दीनला सांगून त्याच्या मनात उगाच शंका का पेरायची?

दुपार. निझवाच्या रस्त्यावर.
संडासाची टाकी. त्याबद्दल लिहिणार नव्हतो. मोटारहोमच्या संडासाला खाली कप्पा असतो, तो ओढून काढायचा, दूर नेऊन ओतायचा. मी न्याय्य रोटा केला होता. सुगंधाने तो फाडून त्यावर मिरच्या चिरल्या. दोनदा गेलो. दुसऱ्यांदा वारा फिरला. शर्ट तिथेच पुरला.

२२ डिसेंबर, सकाळ. निझवाच्या अलीकडे.
पुन्हा निम्मी बादली! फोटो काढला. पण मी समोर धरतो तेव्हा पीत नाही, फुरफुरते, आणि ते सगळं माझ्या चष्म्यावर. लाजत असावी.
मनाला प्रश्न केला: मी हे श्रेय घेतोय का? उत्तर: श्रेय पाण्याचं. पाणी मात्र मी आणलं.
अर्बाबला फोन केला. घोड्यांसाठी शुद्ध पाणी, माझा प्रयोग, निष्कर्ष अनुकूल. विहिरीचं पाणी ओतलं हा तपशील बोलण्याच्या ओघात आला नाही. अर्बाबने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, माशाल्ला, मिस्टर तानाजी. इब्रीला सगळ्यांसमोर सांगा. घरातली सगळी माणसं असतील.
भाषणाचे मुद्दे काढले. सात.

२३ डिसेंबर, संध्याकाळ. बहलाच्या पुढे.
माशा. चहात, कानात, मुद्द्यांच्या कागदावर. सुलतानने भाषणाचा चौथा मुद्दा खाल्ला.
ओलीच्या खुणेवरून सकाळी शम्साची बादली पाऊणच भरलेली होती, पण ती सगळी प्यायली. आज गाडीत बाकाखालचा आवाज पूर्ण बंद. दोष आपोआप गेला. तक्रार रद्द.
पूर्वाने जेवताना विचारलं, बाबा, तुला बदरुद्दीनचाचांना काही सांगायचंय का? मी म्हटलं, काय? ती म्हणाली, नथिंग. सुगंधा म्हणाली, पोळी घे गं. दोघीही माझ्याकडे बघत नव्हत्या. प्रवासाने थकल्यात.
का कोण जाणे, अस्वस्थ वाटलं. ठरवलं: इब्रीला पोचल्यावर, दौड झाल्यावर, योग्य वेळी सांगायचं.

२४ डिसेंबर, दुपार. इब्री.
सकाळी बादली भरलेली. एक घोटही कमी नाही.
अर्बाबच्या अंगणात वीसेक माणसं. वडील खुर्चीत, काठीवर हनुवटी टेकून. अर्बाब म्हणाला, यल्ला, चला, मिस्टर तानाजी. मी जार उघडला, बादली भरली, शम्सासमोर धरली. तिने हुंगलं. मग बादलीत शिंकली. मग बादली लाथाडली. पाणी दुसऱ्या बुटांत गेलं. सुलतानने पुढे होऊन जमिनीवरचं चाटलं. मी म्हटलं, प्रवासाचा थकवा. बदरुद्दीनने तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. सुरकुती तशीच राहिली. वडिलांनी तिकडे पाहिलं आणि काही तरी पुटपुटले. कोणी भाषांतर केलं नाही.
पूर्वा पुढे आली. हातात दोन निळे कॅन, रिकामे. सगळ्यांसमोर म्हणाली, बाबा, मी हे ओतलेच नाहीत. तुझ्या बाकाखाली ठेवले होते. रोज पहाटे मी आणि चाचा साय गाळून तिला हेच द्यायचो. काल संपलं. आता तू सांग ना.
मला सांगायचंच होतं. तोंड उघडलं. सुरुवात पहिल्या मुद्द्याने करावी की थेट, एवढंच ठरवत होतो.
अर्बाब म्हणाला, खलास, राहू दे. बदरुद्दीनने मला पहिल्याच दिवशी फोन केला होता. कॅन संपल्याचं कळलं तसा माझा भाऊ बरकाहून विहिरीचं पाणी घेऊन निघालाय. पोचेलच. तीन तासांचा रस्ता आहे.
म्हणजे फंजाला बदरुद्दीनने मला विचारलं तेव्हा त्याला उत्तर माहीत होतं. बावीस तारखेला अर्बाबलाही. सुगंधालाही. चार दिवस सगळे मी सांगायची वाट बघत होते. घोडी सोडून; तिने पहिल्याच संध्याकाळी मत दिलं होतं.

संध्याकाळ.
पिकअप आला. हिरवट साय, तोच वास. शम्सा दोन बादल्या प्यायली, न थांबता. वडील काठी आपटून हसले. उद्या जोडी धावेल.
पूर्वा शेजारी येऊन बसली. विचारलं, बाबा, तू सांगणार होतास ना?
मी म्हटलं, हो.
हे खोटं आहे का? तपासून पाहिलं. रोजनिशीत तीन ठिकाणी तसं लिहिलेलं आहे.
तिला दाखवायला वही उघडली. मग मिटली. संडासाची टाकी भरली होती, ती घेऊन गेलो.