मधातले डाग

आई, भंडाऱ्याला जाऊन तपासून आले. दोन पाळ्यांच्या मधात मला पुन्हा लाल दिसायला लागलं होतं. शेजारणी म्हणाल्या, वय झालं, पाळी जायच्या आधी असंच होतं, डॉक्टर कशाला. मी त्यांना हो म्हटलं आणि सकाळी बस धरली. तुमच्या हाताखाली राहिलेली बाई दुसरं काय करणार होती?

बसमध्ये सगळा वेळ चिखला गावातलं आपलं तेव्हाचं घरच डोळ्यांपुढे होतं. तुमचा मुलगा खाणीत ड्युटीवर गेलेला, माझी धाकटी लेक नुकती चालायला लागलेली. मागच्या अंगणात मी तारेवर साडी पसरून तिच्या आड कपडे वाळत घालते आहे, आणि तुम्ही चुलीजवळून उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहता. "पाळी तं तुही मागच्या हप्त्यात आटपली. मंग हे काहून धुऊन राहिली?" मी म्हटलं, "असंच, आई. मधात मधात लागते थोडंसं." तुम्ही विचारलं, "कवापासून?" मी म्हटलं, "संक्रांतीपासून असंल." तेव्हा होळी होऊन गेली होती. मला वाटलं, आता सासू बोलणार. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, असल्या गोष्टी सांगायच्या असतात हेच मला कोणी शिकवलं नव्हतं. अंगात गरमी झाली असेल असं माझं मीच ठरवलं होतं आणि धने भिजवून त्याचं पाणी पीत होते.

तुम्ही मात्र धुण्याच्या दगडावर बसलात. "माही मोठी बहीण सानगडीले दिली होती," तुम्ही म्हणालात. "तिलेबी असंच अंगावरून जात होतं. गरमी हाये म्हणून आमी तिले धन्याचं पाणीच पाजत राहिलो. दवाखान्यात नेली तवा डाक्टर म्हणे, गर्भपिशवीच्या तोंडाले कॅन्सर हाये, लय उशीर केला." एवढं सांगून तुम्ही उठलात, माझ्या हातातलं कापड घेतलं आणि साडीच्या आड नाही, समोर उन्हात टाकलं. "उद्या तुमसरले जाऊ. पोरीले शेजारी ठेवू."

काळीपिवळी जीपमध्ये तुम्ही मला खिडकीजवळ बसवलं. डॉक्टरीणबाईंनी आधी दिवस गेलेत का ते तपासलं, मग एकेक विचारत गेल्या. गोळ्या चालू आहेत का? तांबी बसवली आहे का? अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का? नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसतं का? या शेवटच्या प्रश्नाला मी मान खाली घातली. तुम्ही हळूच म्हणालात, "सांग बाई, लाजू नको. मी भिताकडं तोंड करून बसतो." आणि खरंच तशा बसलात. मी तुमच्या पाठीकडे बघत सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कारणं पुष्कळ असतात. तांबी, गोळ्या, आतली सूज, गाठ, थायरॉईड. क्वचित कॅन्सरही. तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही." गर्भपिशवीच्या तोंडाशी तुरीच्या दाण्याएवढा मांसाचा कोंब निघाला. त्यांनी तो तिथेच काढला आणि नागपूरला तपासायला पाठवला.

रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही मला पाण्याची कळशी उचलू दिली नाही. कॅन्सर नाही हे कळलं त्या दिवशी तुम्ही आधी मला जेवायला बसवलं. भात वाढत राहिलात, शितं ताटाबाहेर पडायला लागली तरी. तुमच्या बहिणीसाठी जे करता आलं नाही ते तुम्ही माझ्यासाठी केलं, हे मला तेव्हा नीट कळलंही नव्हतं. कळायला लागलं तोवर तुम्ही छातीच्या दुखण्यानं एका दुपारी निघून गेलात. कोणाला हाकही मारली नाहीत. तेव्हापासून, आई, माझ्या चेहऱ्याकडे बघून "काय झालं?" असं विचारणारं घरात कोणी राहिलं नाही. माझा मुलगा, सून, तुमचा लेक, सगळे चांगले आहेत. पण त्यांना आधी सांगावं लागतं.

या वेळी सोनोग्राफीत पिशवीचं आतलं अस्तर जाड झालेलं दिसलं. त्याचा तुकडा तपासायला घेतला. रिपोर्ट काल आला, त्यात वाईट काही नाही. गोळ्या दिल्या आहेत, पुन्हा दाखवायला बोलावलं आहे. तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले. हे कोणाला वाचायला देणार नाही.

एक मात्र घरीही सांगितलेलं नाही. तपासणीच्या दिवशी मी एकटीच गेले होते. आत घ्यायच्या आधी नर्सनं विचारलं, "संगं कोण आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सासूबाई आहेत. खाली ऑटोतून उतरून राहिल्या." गर्दी फार होती. कोणी माझ्या शेजारी बसायला आलं की ती नर्स म्हणायची, "ती खुर्ची सोडा, त्यांच्या सासूबाई येऊन राहिल्या." मी तिला खरं सांगितलं नाही. माझा नंबर येईपर्यंत त्या खुर्चीवर हात ठेवून बसून राहिले.