सोबत : कादंबरी (एक)

१ जानेवारी २०२५, सकाळी ७
नवीन वर्ष, नवीन डायरी. खताच्या दुकानातून फुकट मिळाली. प्रत्येक पानावर युरियाच्या पोत्याचं चित्र आहे, तेवढं सोडून लिहायचं. संकल्प : उद्या कादंबरी पुण्याला रवाना करणे. रोज पहाटे चार किलोमीटर चालणे. दुसऱ्या कादंबरीस प्रारंभ. चालणं उद्यापासून. आज थंडी फार.

२ जानेवारी
पाठवली! ‘लाटांपलीकडचा कॅप्टन’, हस्तलिखित, पृष्ठे सहाशे बारा. नौदलातल्या कॅप्टन विक्रमादित्यची कथा. समुद्र मी पाहिलेला नाही, पण गोसीखुर्द पाहिलं आहे. धरण भरलं की समुद्रच.
दिवाळीतच शेवटचा हात फिरवून गठ्ठा लाल फडक्यात बांधून कपाटात ठेवला होता. तसाच काढला, वरून कापड शिवलं, लाखेचे पाच सील मारले. आतून एकदा पाहावं असं वाटलं, पण गाठ सोडली नाही. एकतीस वर्षं आवक-जावक टेबलावर काढली आहेत. (ऑफिसचं नाव डायरीतही लिहीत नाही. गोपनीयता.) भैयाजी गभनेनं बांधलेली गाठ कोणाला सुटत नाही, अशी ऑफिसात ख्याती होती. सोबत पत्र. विषय : कादंबरी प्रकाशित करणेबाबत. सोबत : कादंबरी (एक).
पोस्टमन हेमराज म्हणाला, पुण्यात कोनी एजंट पकडला का जी? बिना एजंटचं काही होऊन नाही राहिलं आजकाल. मी हसलो. एजंट मला शिकवतो! एजंटनं आणलेला अर्ज गठ्ठ्यात वर असतो, बिनएजंटचा खाली. पण खालचा अर्जही असतोच ना. त्यालाही नंबर असतो. स्वाभिमानी माणसानं खालीच राहावं.
झेरॉक्स काढली नाही. चोरी होते.

४ जानेवारी, शनिवार
मालनबाई मासोळी घेऊन आली. दर बुधवारी आणि शनिवारी येते. तिचा एक अर्ज आमच्या ऑफिसात होता. तलावावर जायच्या पायवाटेवर कोणीतरी काटेरी तार ठोकली, ती काढावी म्हणून. तेव्हापासून टोपली डोक्यावर घेऊन तीन किलोमीटरचा फेरा मारते. आज पुन्हा विचारलं, माह्या अर्जाचं काय झालं जी बाबूजी. मी रिटायर होऊन तीन वर्षं झाली, हे तिला निदान वीसदा सांगितलं आहे. विचाराधीन आहे, म्हटलं. बरं जी, म्हणाली आणि गेली. किती साधी माणसं.
मासोळी अर्धा किलो घेतली. एकट्याला जास्त होते. उरलेली मांजरीला.

१६ जानेवारी
पोचपावती आली. पुण्याचा शिक्का, खाली कोणाची तरी सही. सहीचं शेवटचं अक्षर वर उडालेलं आहे. उत्साही माणूस दिसतो. पावती कॅलेंडरशेजारी चिकटवली. महिनाअखेर उत्तर नक्की.
चालायला गेलो. हायवेपर्यंत. ट्रक फार.

२६ जानेवारी
शाळेत झेंडावंदन. ‘साहित्य आणि समुद्र’ या विषयावर दोन पानी भाषण खिशात ठेवलं होतं. माझी ओळख ‘सेवानिवृत्त कर्मचारी’ अशी करून दिली आणि लगेच बुंदी वाटली. घरी येऊन भाषण म्हटलं. सव्वाअकरा मिनिटं भरलं. चांगलं झालं.

३ फेब्रुवारी
उत्तर नाही. स्मरणपत्र क्र. १ रवाना.
उषाचा फोन. उषा म्हणजे आमची सौभाग्यवती; मुलीच्या, ज्योत्स्नाच्या, बाळंतपणासाठी चाळीस दिवसांकरिता नागपूरला गेली. नात आता केजी-टूमध्ये आहे. मीच म्हटलं होतं, रहा. लेखकाला शांतता लागते. तिला सांगितलं, कादंबरी पुण्याला पोचली. बरं, म्हणाली. बीपीची गोळी घेतली का, विचारलं. मग कुकरची शिट्टी झाली म्हणून तिनं फोन ठेवला. शिट्टी मला ऐकू आली नाही, पण माझे कान आताशा तसे अधू झाले आहेत.
कादंबरी तिनं वाचलेली नाही. एकदा म्हटलं होतं वाच, तर म्हणाली आधी गॅसचा नंबर लावा. छापून आली की वाचेल. छापील गोष्टीला लोक मान देतात.

२० फेब्रुवारी
स्मरणपत्र क्र. २ (संदर्भ : स्मरणपत्र क्र. १). शिवाय फोन लावला. एक मुलगी म्हणाली, तुमचं हस्तलिखित विचाराधीन आहे.
विचाराधीन! हा शब्द मी स्वतः हजारो कागदांवर लिहिला आहे. आमच्या ऑफिसात त्याचा अर्थ जरा वेगळा होता, पण ते ऑफिस होतं. पुण्याला हे लोक खरोखर विचार करत असणार.
आनंदात शेवयांची खीर केली. खालून लागली.

१५ मार्च
दुसऱ्या कादंबरीस प्रारंभ. ‘कॅप्टन उभा होता.’ खोडलं. ‘कॅप्टन बसला होता.’ उद्या ठरवू.
वरठीला जाऊन पुस्तकाच्या मागच्या पानासाठी फोटो काढून घेतला. फोटोवाल्याला सांगितलं, क्षितिजाकडे पाहतानाचा हवा. त्यानं विचारलं, पासपोर्टले लावाचा का पेन्शनले? फोटोत डोळे मिटलेले आले आहेत. चिंतनात असल्यासारखे वाटतात. ठेवला.

१२ एप्रिल, शनिवार
मालनबाईचा पाय सुजला आहे. पायरीवर अर्धा तास टेकली. पाणी दिलं. सहज कादंबरीचं कथानक सांगायला घेतलं. चौथ्या प्रकरणापर्यंत ऐकलं तिनं, मध्ये उठली नाही. मग म्हणाली, कॅप्टनची बायको कुठी हाये जी? म्हटलं, तो समुद्रावर एकटाच असतो. तर म्हणाली, मंग भाकर कोन देते त्याले?
अशा प्रश्नांना साहित्यात स्थान नसतं. 
ती गेल्यावर घर फार गप्प झालं. टीव्ही लावला, आवाज बंद करून. मला एकटं वाटत नाही. फक्त अर्धा तास कोणी बसलं की नंतरचे तास लांब होतात.
तिनं आज अर्जाचं विचारलं नाही. विसरली असावी.

१९ मे, दुपारी १
उत्तर आलं!! हेमराजला पायरीवर बसवून सरबत दिलं. पाकीट त्यालाच फोडायला लावलं.
तीन पानांचं पत्र. संपादकबाईंनी स्वतः लिहिलेलं. ‘चार महिने लागले, कारण हे भराभर वाचायचं लेखनच नाही.’ ‘मराठीत असं काही मी वाचलेलं नाही.’ ‘काही पानांवर थांबून रडले.’ मी तिथेच उभ्या उभ्या रडलो. हेमराज म्हणाला, काहून रडता जी, बेस झालं ना.
लगेच उषाला फोन. पहिलं पान मोठ्यानं वाचून दाखवलं.   ती म्हणाली, तुम्ही लिहिलं हे? मी म्हटलं, मग कोणी? म्हणाली, मी रविवारी येते. मला वाचायचं आहे.
पाच वर्षांत पहिल्यांदा. घर झाडून काढलं. गादी उन्हात टाकली.

२० मे
पत्र शांतपणे पुन्हा वाचलं. काही गोष्टी लागत नाहीत.
‘वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळी शाई, तिकिटं, अंगठे! कादंबरीच्या या बांधणीला दाद द्यावी तेवढी थोडी.’ अंगठे? कॅप्टन शिकलेला आहे.
‘सातवीतल्या रंजूनं आईसाठी लिहिलेला अर्ज : माझी आई रोज टोपली घेऊन फेरा मारते, मी शाळेतून तिला पाहते, ती लहान लहान दिसत जाते, तार काढली तर ती लवकर मोठी दिसेल.’ माझ्या कादंबरीत रंजू नाही. रंजू मालनबाईची मुलगी. तिचं लग्न होऊन तिला आता स्वतःचा मुलगा आहे.
‘आणि प्रत्येक कागदावर तोच शिक्का, तोच एक शब्द, खाली भै. ग. अशी सही. हे पात्र कुठेच बोलत नाही. त्याचा राग येण्याऐवजी कीव येते, हे लेखक म्हणून तुमचं मोठं यश.’
कपाट उघडलं. मागच्या कप्प्यात लाल फडक्यातला गठ्ठा. गाठ सोडायला वीस मिनिटं लागली. कॅप्टन आतच होता. सहाशे बारा पानं.

२० मे, दुपारी ४
नोंद असावी म्हणून लिहितो. रिटायरमेंटच्या दिवशी टेबल रिकामं करून द्या म्हणाले. प्रलंबित कागदांची यादी करायला हवी होती, पण सत्काराची वेळ झाली होती. म्हणून असाच लाल फडक्यात गठ्ठा बांधून घरी आणला आणि याच कपाटात ठेवला. छत गळत होतं, कागद भिजले असते. मी ते जपले, असंही म्हणता येईल.
दोनशे सात अर्ज. सगळे माझ्या काळातले नव्हते.
बहुतेक माझ्याच काळातले होते.

२१ मे
उषाला सांगितलं, रविवारी येऊ नको. शेहेचाळीस डिग्री आहे, लाईट जाते, गाडीत गर्दी असते. बरं, म्हणाली. मग म्हणाली, मी पिशवी भरली होती.
जेवलो नाही.

२२ मे
घाबरण्यासारखं काही नाही. ही लिपिकीय चूक आहे आणि तिच्यासाठी शुद्धिपत्रकाची सोय असते. ‘सोबत चुकीचे सहपत्र जोडले गेले. योग्य सहपत्र, कादंबरी (एक), सादर.’ कॅप्टन रवाना. या वेळी उघडून पाहिला, दोनदा.
विचार केला तर हे शुभच आहे. ज्या बाई साध्या अर्जांवर रडल्या, त्या कॅप्टनच्या जलसमाधीवर काय करतील! उषाला तेव्हाच बोलावू. जुलैत ऊनही कमी होतं.

९ जून
पार्सल आलं. अठरा दिवसांत! आमच्या ऑफिसात इतक्या लवकर कोणाला उत्तर मिळालं नाही.
दोन्ही गठ्ठे परत. पत्र अर्ध्या पानाचं. ‘कादंबरी वाचली. ती आणि ते अर्ज एकाच घरातून आले, यावर विश्वास बसत नाही. कादंबरी साभार परत. अर्ज खऱ्या माणसांचे असतील तर ते आमच्याकडे नव्हे, त्यांच्या जागी पोचायला हवेत. एक विचारू? रंजूच्या आईचा रस्ता उघडला का?’
साभार परतवर मी फार वेळ थांबलो नाही. त्याखालच्या प्रश्नावर थांबलो. सहा महिन्यांत पुण्याहून मला पहिल्यांदा कोणी काही विचारलं, आणि ते कादंबरीबद्दल नव्हतं.

११ जून, बुधवार
मालनबाई आली. तिला सांगितलं की पुण्याच्या एका बाईंनी तुमचा अर्ज वाचला. पूर्ण वाचला, आणि रडल्या. टोपली खाली ठेवून ती नीट बसली. पुन्हा सांगा जी, म्हणाली. पुन्हा सांगितलं. रंजूनं लिवला होता तो, म्हणाली, तवा सातवीत होती. पदरानं तोंड पुसलं. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.
मग म्हणाली, मंग आता रस्ता खुलन का जी?
विचाराधीन, हा शब्द तोंडात आला होता. गिळला. सांगितलं, अर्ज साहेबांपर्यंत गेलाच नाही. माझ्या कपाटात होता.
तिनं विचारलं, अकरा वर्षं?
आठ वर्षं टेबलात, तीन वर्षं कपाटात, मी म्हटलं. हिशेब बरोबर आहे, पण सांगायला नको होता.
 टोपली डोक्यावर द्यायला मी उठलो. राहू द्या, म्हणाली. एका हातानं गुडघा धरून स्वतःच उचलली. मासोळी तिनं काढली नाही, मीही मागितली नाही.

१२ जून
बसने ऑफिसात गेलो. माझ्या टेबलावर आता एक मॅडम आहेत, ओळखत नाहीत. दोनशे सात अर्ज मोजून दिले. त्यांनी वर पाहिलं. मालनबाईच्या अर्जाचं विचारलं, तर इतका जुना चालणार नाही, नवा द्या, म्हणाल्या. रंजूचा कागद तिथून उचलून घेतला आणि बाकावर बसून नवा लिहिला. चार ओळी. विशेषण एकही नाही. रंजूचा कागद सोबत जोडला. शिक्का पडला. आवक क्रमांक ४१८.
त्यानंतर मॅडमना म्हटलं, हा जरा लवकर पाहाल का? म्हणाल्या, काका, सगळेच असं म्हणतात.

१४ जून, शनिवार
आवक क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सकाळी आठपासून पायरीवर बसलो. साडेदहाला तिची हाळी ऐकू आली. ती पलीकडच्या गल्लीतून गेली.
बारापर्यंत बसलो. मांजर आली, तिला दूध दिलं. मग दार लावून घेतलं.