झोळी सैल कर

आमच्या घरच्या मुकादमबाईंना जंगलातून सप्रेम नमस्कार.

मी मजेत आहे. चौकीच्या भिंती खिडकीपर्यंत आल्यात. जेवण वेळेवर मिळतं, काळजी करू नकोस.

जमिनीवर मुंग्या फार, म्हणून ठेकेदारानं झाडांना टांगायचे कापडी झुले दिलेत. माझा पडला गवंड्याचा हात. भिंतीची ओळ धरताना ताणतो तशी दोरी ताणली, नुसती कूस बदलली आणि धपकन खाली! सुतारमामा पोट धरून हसले. म्हणाले, "अरे, भिंत रचतोयस का? दोरी सोड, मधे चांगला बाक येऊ दे आणि तिरका झोप." तसं केलं. पाठ सुखावली, पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

निघताना बाळासाठी दोन कड्यांमध्ये झोळी बांधली, तीही अशीच ताणून. तू म्हणालीस, "फार ताठ वाटतेय." मी म्हटलं, "मला नको शिकवूस."

तुझे पाय अजून सुजतात का? तुझी आई पोचली का? दिवस तर भरले असतील. इथं फोन लागत नाही, म्हणून टेंपोवाल्याच्या हाती चिठ्ठी देतोय.

वाचल्या वाचल्या झोळी सैल करून घे. तू स्टुलावर चढू नकोस, भाऊजींना सांग. टेंपोवाल्याला दारात थांबायला सांगितलंय. त्याच्याकडे एकच ओळ लिहून दे, झोळीत कोणी आहे का?

तुझाच,
तुझं न ऐकलेला