पायरी आधी कुणी चढायची

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५
टीव्हीवरचा पिक्चर संपला आणि पद्माक्का ढसाढसा रडली. माझी नणंद, वय चौऱ्याहत्तर, गदगहून आठ दिवसांसाठी आलीय. पिक्चर जुना, काळा-पांढरा. लग्नानंतर यांच्याबरोबर पाहिलेला पहिला तोच. पोराचा बाप म्हणतो, मुलीकडच्यांनी यायचं. मुलीचा बाप म्हणतो, मी कुणाची पायरी चढणार नाही. दोघं आपापल्या ओट्यावर ताठ बसलेले, आणि वरात येते तिसऱ्याचीच.
मी नाही रडले. म्हटलं, पोराच्या बापाचं काय चुकलं? रीत ती रीत. प्रभंजन अर्ध्या जेवणावरून उठला.

सोमवार, १०
"आई, तूही त्या बापासारखीच." एवढंच बोलला नि दुकानात गेला.
एकुलता एक मुलगा, बत्तिशीचा. हे गेल्यापासून कापडदुकान तोच बघतो. धारवाडजवळच्या केलगेरीच्या लक्ष्मण मास्तरांची मुलगी माया त्याच्या मनात भरलीय, तिच्याही मनात तोच. जात आडवी नाही, पत्रिका आडवी नाही. मास्तरांनी येऊन विचारावं, एवढंच माझं म्हणणं. मास्तर काही येत नाहीत. रविवारी मायाला बघायला पुण्याचं स्थळ येतंय.
येऊ दे. मी काय करू?

मंगळवार, ११
झोप नाही. खरं काय ते इथं तरी लिहावं.
माझे अप्पा धारवाडला पोस्टात कारकून. माझ्या लग्नाच्या वेळी तीनदा या दाजीबानपेठेतल्या दुकानात आले. तिसऱ्यांदा मी समोरच्या बांगडीवाल्याकडून पाहिलं. सासरे गादीवर, गिऱ्हाइकंसुद्धा गादीवर, आणि माझे अप्पा टोपी घालून उभे. आमच्यात गादीवर बसून पान घेतलं की बोलणी पक्की. अप्पांना कुणी बसवलं नाही! सदतीस वर्षं ते मला बोचतंय. सासूबाई कधी वावगा शब्द बोलल्या नाहीत, पोटच्या पोरीसारखं वागवलं. तरी ते बोचतंच.
मग माझ्या पोराच्या वेळी मास्तरांनी एकदा यायला काय हरकत आहे? असा माझा हिशेब. कुणाचं कुणाकडून वसूल करतेय मी?

बुधवार, १२
दुपारी डबा घेऊन दुकानात गेले. प्रभंजन उभा राहून कापड मोजत होता. गिऱ्हाईक गेलं तरी उभाच. "बस की रे." "नको." डबा उभ्या उभ्या खाल्ला. अगदी अप्पांसारखा.
लग्नानंतर तो पिक्चर बघून बाहेर पडताना हे म्हणाले होते, "एक जण पायरी चढला असता तर पाय झिजला असता का ग?" मी तेव्हा हसले होते.

गुरुवार, १३
गेले!
नारळ, खणाचा पीस, ओटीचे तांदूळ. पेढा नाही घेतला, धारवाडात काय पेढा न्यायचा? चिगरी बसनं गेले, पुढं रिक्षा. पद्माक्काला म्हटलं देवळात जाते. ती म्हणाली, "हौदा, खरंच? पिशवीत खण घेऊन?" आणि गालात हसली.
दार मास्तरांनीच उघडलं. "बसा."
"बसणार नाही. आधी मागते, मग बसते. तुमची माया आमच्या प्रभंजनला द्या."
मास्तरांनी पिशवीतल्या खणाकडे बघितलं. मग हळू म्हणाले, "मी दोनदा आलो होतो, सरस्वतीबाई. दुकानाच्या पायरीपर्यंत. गादी बघितली की पाय उचलेना."
आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मास्तरांच्या पत्नी इंदुमतीबाई म्हणाल्या, "माया आहे," आणि डोळ्यांना पदर लावला. मी बसले. तीन कप चहा झाला. परत येताना बसमध्ये सगळा वेळ हसत होते, शेजारीण बघत होती.

शुक्रवार, १४
पुण्याला मास्तरांनी फोन करून नको म्हणून कळवलं. प्रभंजन आज गादीवर बसला. जेवताना एकदम माझ्या पाया पडला, हात खरकटेच! देवा, वेळेत बुद्धी दिलीस. काय मागू आणखी?

रविवार, १६
पद्माक्का आज गदगला परत गेली. रिक्षात चढताना सांगितलं, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं.
"तुझे अप्पा दुकानात विचारायला कुठं येत होते? नको म्हणायला येत होते. दुकानदाराच्या घरात पोरगी द्यायची नाही, म्हणून. आमचे बाबा बसा म्हणायचे, तेच बसायचे नाहीत. मग आमची अव्वा, तुझी सासू, गेली धारवाडला. तीनदा. पोस्टात तिकिटाच्या रांगेत उभी राहिली, मी होते बरोबर. तिसऱ्यांदा खिडकीतनं नारळच आत ठेवला. तुला सांगू नको म्हणाली. बाप नको म्हणत होता हे कळलं तर नव्या सुनेचा जीव इथं रमायचा नाही, म्हणाली."
अप्पांनी मला यांच्या पदरात घातलं, असं मी समजत होते. मला तर सासूबाईंनी मागून आणलं होतं.