वेल्ह्याला सातवी हवी

गुंजवणे, ७ जुलै २०२५

चि. रत्नास दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतेस तरी मला ऐकू येत न्हाई, म्हणून कागद घेतला. तुझी नात बारावी झाली, आता कुठं घालणार? वेल्ह्याच्या कॉलेजात यंदा पोरींचा कबड्डीचा संघ उभा राहतोय. सहा जणी जमल्यात. सातवी मिळाली न्हाई तर स्पर्धेला संघाचं नावच जायचं न्हाई. स्नेहलची चढाई म्या जत्रेत बघितलीय, लई चपळ. पोरगी आमाला दे. राहील आमच्याकडं, तुझी फुलावहिनी आत्तापासून लोणी साठवायला लागलीय.

आहे तो लोभ पातळ करू नकोस.
तुझा गेनूदादा

भोर, १२ जुलै

ती. गेनूदादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. दादा, कुठं भोर, कुठं वेल्हे! हे आधी भोरच्या कॉलेजात खेळले, मग कितीतरी वर्षं तिथल्याच पोरांना शिकवलं. ढालींना कपाट पुरेना, शेवटी जिन्याखाली फळ्या ठोकल्या. तुमचं कॉलेज काल-परवाचं, मैदान उताराचं. ह्यांच्या माघारी ह्यांची नात परक्या अंगणात खेळेल का? सुयश म्हणतो, आई, तू ठरव. स्नेहल म्हणते, आजी म्हणेल तिथं. मी भोर म्हणते. इथं बारा जणी आधीच आहेत, वर्षभर बाकावर बसावं लागेल. बसेल.

वहिनींना नमस्कार. राग आला तर भाकरीबरोबर गिळावा.
रत्ना

गुंजवणे, १७ जुलै

चि. रत्नास आशीर्वाद.

आपला तो बाब्या, व्हय ना? ढाली तुमच्या जास्त, कबूल. पण ताकद काय नुसती फळीवर बसती? आपल्या भोर-वेल्हे सामन्याचं ते भात कापणीतलं साल आठव. आमची पोरं खाचरातनं तशीच आलेली, मानेला तूस. सातवा गडी ऐनवेळी तापानं घरीच. तुमच्या बाकावर पाच जण राखीव, आमचा बाक मोकळा. तुमच्या लोकांनी तर मिरवणुकीला हलगी आधीच सांगून ठेवलेली! आन् सहा जणांनी एका गुणानं मारलं. हलगीवाले म्हणाले, आमाला जिंकणाऱ्याम्होरं वाजवायला सांगितलंय. पार एसटीपतोर वाजवत आले.

तुझ्यावर जोर न्हाई. पण त्या सहा पोरी रोज संध्याकाळी मैदानात येत्यात, आन् समोर कुणी न्हाई म्हणून आपसातच खेळत्यात.

माया असू दे.
दादा

भोर, २२ जुलै

ती. गेनूदादास शि. सा. न. वि. वि.

हलगीवाले आपल्या मनानं नाही वाजवत आले, दादा. ह्यांनी त्यांना पुढं घातलं होतं. त्यावरून कॉलेजात बोलणी खाल्ली. मग जेवताना एकदम म्हणाले, वेल्हेवाल्यांना सातवा गडी असता, तर आपलं काय झालं असतं गं?

तुमचं पत्र वाचलं आणि त्यांचा तो घास हातात धरलेला चेहरा दिसला. रात्री सुयशला सांगितलं. स्नेहल उठली आणि बूट धुवायला घेतले. सोमवारी सकाळच्या गाडीनं येईल. तिला वांगं चालत नाही, वहिनींना सांगा.

भोरशी तुमचा सामना लागला की मी येणार आणि भोरवाल्यांतच बसणार. लगेच हुरळू नका, रुसूही नका. भोरच्या अंगणात चढाईला आलेल्या पोरीचं तोंड तिथूनच दिसतं.

आशीर्वाद तिलाही द्या, मलाही.
रत्ना