पेटी उघडण्याआधी

बोईसर, रविवार

प्रिय ज्ञानेश,

पालघरच्या कॉलेजातले तास घेऊन यायचं, आण्णांना पेज भरवायची आणि मग तुमच्या प्रयोगाची आकडेमोड घेऊन बसायचं, असं चाललंय. थकते रे. आण्णा आता खाटेवरून उठत नाहीत, पण शिफ्टच्या बसचा हॉर्न वाजला की कामावर निघाल्यासारखे अजूनही पाय खाली सोडतात. काल रखमाबाई त्यांचं अंग पुसायला आल्या होत्या, तर त्यांना सांगत होते, "माझा पोरगा न्यूट्रॉनची फिरकी उलटी करून बघतोय, निसर्गाला डावं-उजवं कळतं का ते." त्या म्हणाल्या, "तुमाला तरी कळतंय काय आण्णा? उजवा हात मागितला, तर डावा देता." दोघंही हसले. मग माझ्याकडे वळून रोजचंच, "उघडली का गं त्याची पेटी?"

पेटी म्हणजे खरंच कुलूप लावलेलं खोकं आहे, असं त्यांना वाटतं. तुमच्या उत्तरात मुद्दाम एक गुप्त आकडा मिसळलाय, मनासारखं उत्तर दिसलं म्हणून कुणी चुका शोधणं थांबवू नये यासाठी, आणि आकडेमोड करणाऱ्या सगळ्यांनी, माझ्यासकट, संमती दिल्याशिवाय तो काढायचा नाही, हे समजावणं मी सोडून दिलं. "उत्तर घेऊनच येईन," असं तू त्यांना सांगितलंस, तेवढंच त्यांनी धरून ठेवलंय.

परवा मी न्यूट्रॉनच्या झोताची झडप बंद असतानाची मोजणी पाहत होते. न्यूट्रॉन अणुकेंद्रांवर आदळतच नाहीत, तेव्हा फिरकी सुलटी असो की उलटी, फरक दिसायला नको. बारीकसा दिसतोय. फिरकी उलटवणाऱ्या कॉइलचा परिणाम थेट मोजणीयंत्रावरच होत असावा. आपण शोधतोय तो फरकही एवढाच बारीक. सगळं नव्याने मोजायचं तर वर्ष जाईल. मी पुन्हा पुन्हा तपासलं, आणि दर वेळी माझीच चूक निघावी असं वाटत होतं. अशा मनाने केलेली तपासणी कितपत खरी, कोण जाणे.

उद्या पेटी उघडायला संमती द्यायची आहे. मी देणार नाही. उत्तर पाहून मग बोलले असते, तर चूक आहे म्हणून बोलतेय की उत्तर आवडलं नाही म्हणून, हे तुलाच काय, मलाही कळलं नसतं. म्हणून आजच लिहितेय. आण्णा वर्षभर थांबतील, असं डॉक्टर म्हणत नाहीत. पेटी राहू दे बंद. तू रिकाम्या हाताने ये. ते विचारतील, तेव्हा नाही म्हण, आणि त्यांचा हात धरून बस. डावा-उजवा, त्यांनी कुठलाही दिला तरी चालेल.

तुझीच,
ताई